नकाशाचे सॉफ्टवेअर बदलताय? आधी हिशेब मांडा

रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील गाव. अशा गावातील एका तरुणाचे चित्र डोळ्यासमोर आणा. वडील गवंडी. हयात ओळंबा, गुण्या आणि लाइनदोरीवर गेली. मुलाने आयटीआयमधून स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, एक संगणक घेतला आणि दुकानाचा गाळा उघडला. घरांचे नकाशे, दुकानांचे आराखडे, लोखंडी जिन्याची आणि खिडक्यांची चित्रे तो काढून देतो. आसपासच्या गावांतून कामे येतात. शेजारचा सुतार आणि फॅब्रिकेटर त्याच्याच कागदावर माप लावून माल कापतात.

एके दिवशी कोणी तरी त्याला सांगतो, "अजून ऑटोकॅडवरच रेघा ओढतोस? जग पुढे गेले. आता रेव्हिट शिक, स्केचअप घे." दुसरा सांगतो, "फुकटचे मिळते, पैसे कशाला घालतोस?" घरी गोष्ट निघते तेव्हा अब्बा एकच प्रश्न विचारतात, "नवे घेशील, पण जुने नकाशे त्यात उघडतील ना?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. नकाशाचे सॉफ्टवेअर बदलणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी हाच प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या समाजातील अनेक तरुण आज आरेखन, इंटिरिअर, फर्निचर आणि फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कागदावर विसंबून काम करणाऱ्या कारागिरांसाठी हा हिशेब येथे मांडत आहोत.

रेघ आणि भिंत यांतील फरक

ऑटोकॅड हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत ऑटोडेस्क ही कंपनी काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आणले. त्यापूर्वी असे काम मोठ्या, महागड्या यंत्रांवर होत असे. ऑटोकॅडने ते टेबलावरच्या साध्या संगणकावर आणले आणि म्हणूनच ते लहान कार्यालयांपर्यंत पोहोचले.

परंतु ऑटोकॅडवर आपण बहुतेक रेघाच काढतो. भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती भिंत आहे हे आपल्याला कळते, संगणकाला कळत नाही. दुसऱ्या जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत ही भिंत म्हणूनच मांडली जाते. तिची लांबी, उंची, जाडी आणि साहित्य संगणकाला ठाऊक असते. दार हलवले की नकाशात, दर्शनी चित्रात आणि दारांच्या यादीत ते एकदमच हलते. हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट कंपनीचे आर्किकॅड हे या जातीचे जुने नाव आहे. ती कंपनीही १९८२ मध्येच सुरू झाली. रेव्हिट २००० मध्ये बाजारात आले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. या पद्धतीला 'बिम' म्हणतात. बिम म्हणजे इमारतीची सर्व माहिती एकाच नमुन्यात साठवणे.

फरक एका उदाहरणाने पाहू. १० फूट लांब, १० फूट उंच, ९ इंच जाड विटांची भिंत आहे. तिचे घनफळ ७५ घनफूट. तिच्यात ३ फूट रुंद आणि ७ फूट उंच दार ठेवले तर १५.७५ घनफूट वजा होतात आणि ५९.२५ घनफूट उरतात. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे सुमारे ०.५९ ब्रास बांधकाम. रेघांच्या नकाशात हा हिशेब आपण कागदावर करतो. मालकाने ऐन वेळी दार मोठे केले की तो पुन्हा करावा लागतो. विसरला तर मालात तोटा. बिममध्ये हा हिशेब नमुन्यातूनच निघतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. जाडी चुकीची भरली तर चुकीचाच हिशेब तितक्याच ऐटीत बाहेर येतो.

जग कोणत्या दिशेला चालले आहे?

लांब जायला नको. आपल्या शेजारच्या नागपूरच्या मेट्रोचेच पाहा. काम २०१५ मध्ये सुरू झाले आणि मार्गाचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये खुला झाला. या प्रकल्पात 'फाइव्ह-डी बिम' ही पद्धत वापरली गेली. इमारतीचा त्रिमित नमुना, त्याला जोडलेले वेळापत्रक आणि खर्च, असा हा पंचमितीचा मेळ.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवावेच. दुबई नगरपालिकेने २०१४ पासून ४० मजल्यांहून उंच इमारती, ३ लाख चौरस फुटांहून मोठी बांधकामे, रुग्णालये आणि विद्यापीठे यांच्यासाठी बिम बंधनकारक केले. २०१५ मध्ये ही मर्यादा २० मजले आणि २ लाख चौरस फूट अशी खाली आणली. ब्रिटन सरकारने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी ही पद्धत सक्तीची केली. केवळ रेघा ओढणाऱ्या ड्राफ्ट्समनला अशा कामांत जागा कमी होत जाणार, हे उघड आहे. ज्या तरुणाला तिकडे जायचे आहे, त्याने बिम शिकणे ही चैन नसून शिदोरी आहे.

पण याचा अर्थ असा नव्हे की रोहण्यात दोन खोल्यांचे घर काढणाऱ्याने उद्याच सर्व बदलून टाकावे. आपले गिऱ्हाईक कोण, आपले काम कोणते, यावर निर्णय ठरतो. महिनाभर घरांचे मंजुरी-नकाशेच काढायचे असतील तर रेघांचे सॉफ्टवेअर पुरते. घराचे रूप गिऱ्हाइकाला दाखवून काम मिळवायचे असेल तर स्केचअपसारखे त्रिमित साधन उपयोगी पडते. पूर्ण इमारतीचा ठेका, माल आणि मजुरीसह घ्यायचा असेल तर बिमचा विचार करावा. फर्निचरवाल्याला ८ बाय ४ फुटांच्या प्लायवूडमधून किती तुकडे निघतील हे सांगणारे साधन हवे असते. त्याला बिमचा सगळा पसारा नको.

चोरीची प्रत : कायदा आणि नीती

आता एक कडू बाब. लहान दुकानांतील कित्येक संगणकांवर या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती असतात. "सगळेच वापरतात" हे त्याचे समर्थन. कायद्याला हे समर्थन मान्य नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब घातले गेले. जाणूनबुजून संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. नफ्यासाठी वा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. आपण तर ती धंद्यासाठीच वापरतो, म्हणजे ही सवलतही आपल्याला नाही.

विद्यार्थ्यांची प्रत धंद्यात वापरणे हीही त्यातलीच गोष्ट. शिक्षणासाठीचा परवाना शिकण्यापुरता असतो. स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी फुकट आवृत्तीसुद्धा खासगी वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. फुकट मिळते म्हणजे कशालाही चालते, असे नव्हे. सुताराने सागवान लाकूड कोठून आणले याची आपण चौकशी करतो. मग ज्या साधनावर रोजी कमावतो त्याची चौकशी का करू नये? हलाल कमाईचा विचार करणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आणि परवाने महाग आहेत, हेही खरे. पूर्वी ऑटोकॅड एकदा विकत घेतले की ते कायमचे आपले असे. २०१६ पासून ऑटोडेस्कने नव्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. आता भाडे भरा आणि वापरा. लहान दुकानदाराच्या दृष्टीने सॉफ्टवेअर बदलण्याचे हे सर्वांत मोठे कारण झाले आहे.

पर्याय काय आहेत?

पहिला, ऑटोकॅड एलटी. ही त्याच घरची, मुख्यतः रेघांच्या कामासाठीची कमी किमतीची आवृत्ती आहे. भाडे मात्र तिलाही आहे. ज्याला केवळ नकाशे काढायचे त्याने पूर्ण ऑटोकॅडचे पैसे मोजण्यापूर्वी हिचा विचार करावा.

दुसरा, ऑटोकॅडसारखेच दिसणारे आणि त्याच्या डीडब्ल्यूजी फाइली उघडणारे इतर कंपन्यांचे कार्यक्रम. बेल्जियमचे ब्रिक्सकॅड आणि चीनचे झेडडब्ल्यूकॅड ही त्यांची नावे. बऱ्याच आज्ञा ऑटोकॅडसारख्याच असल्याने हाताला नवे वळण लावावे लागत नाही. एकदाच पैसे भरून कायमचा परवाना मिळण्याची सोयही यात आहे. खरेदीपूर्वी परवान्याच्या अटी मात्र नीट वाचाव्यात.

तिसरा, मुक्त सॉफ्टवेअर. लिब्रेकॅड हे सपाट रेघांच्या नकाशांसाठी आहे. ते डीएक्सएफ फाइलवर चालते. फ्रीकॅड हे त्रिमित कामाचे साधन असून त्यात इमारतीसाठीही वेगळा विभाग आहे. त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. दोन्ही धंद्यात वापरायला मोकळी आहेत आणि चोरीचा प्रश्नच उरत नाही. परंतु फुकटच्या वस्तूची किंमत शिकण्याच्या वेळाने मोजावी लागते.

वेळेचा हिशेब

याच वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही. समजा, आपला तरुण महिन्याला ८ नकाशे काढतो आणि प्रत्येकाला ६ तास लागतात. नवे सॉफ्टवेअर घेतल्यावर पहिले तीन महिने हात बसत नाही आणि प्रत्येक नकाशाला १२ तास लागतात. तीन महिन्यांत २४ नकाशे, प्रत्येकी ६ तास जास्त, म्हणजे १४४ तास. दिवसाचे ८ तास धरले तर १८ दिवस. हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही, पण खिशातून जातोच.

पुढे हात बसला आणि नकाशा ४ तासांत होऊ लागला तर प्रत्येकामागे २ तास वाचले. १४४ तास भरून यायला ७२ नकाशे लागतील, म्हणजे ९ महिने. एकूण एक वर्षाने तो होता तेथे आला आणि त्यापुढे नफ्यात. ज्याच्याकडे एक वर्ष तग धरण्याइतके काम आणि शिल्लक आहे, त्याने हे धाडस करावे. ज्याला ऐन लग्नसराईत किंवा बांधकामाच्या भर हंगामात बदल सुचला, त्याने पावसाळ्यापर्यंत थांबावे. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात. शिकण्याचा काळ तोच.

जुन्या नकाशांचे काय?

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येऊ. नकाशाच्या फाइलीलाही वय असते. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलीचा साचा वेळोवेळी बदलत आला आहे. २०१८ च्या आवृत्तीत बदललेल्या साच्यात जतन केलेली फाइल २०१७ च्या ऑटोकॅडमध्ये उघडत नाही. त्यासाठी ती जुन्या साच्यात पुन्हा जतन करावी लागते. ऑटोडेस्कचे डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू नावाचे साधन मोफत मिळते आणि ते हे काम करते. रेव्हिटची गोष्ट याहून कडक आहे. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडतच नाही आणि मागे नेण्याची सोयही नाही. म्हणून दुसऱ्या कार्यालयाशी मिळून काम करायचे असेल तर दोघांची आवृत्ती एकच असावी लागते.

मंजुरीचाही प्रश्न आहे. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनियर्स या कंपनीने तयार केलेल्या ऑटोडीसीआर या प्रणालीने पुण्यासारख्या महानगरपालिकांत नकाशांची संगणकीय छाननी होऊ लागली. अशा छाननीत भिंत, जागेची हद्द, जिना, प्रत्येकासाठी ठरलेला वेगळा थर असावा लागतो. थर चुकला की नकाशा परत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे. म्हणून नवे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी आपल्या भागातील मंजुरी देणाऱ्या कार्यालयात जाऊन विचारावे, "आपल्याला फाइल कोणत्या साच्यात लागते?" या एका चकरेने पुढचे दहा हेलपाटे वाचतात.

मराठी अक्षरांची वेगळीच गंमत आहे. जुन्या नकाशांत "स्वयंपाकघर", "ओटा" अशी अक्षरे कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये लिहिलेली असतात. तो फाँट नव्या संगणकावर नसला की ती अक्षरे भलत्याच चिन्हांत उमटतात. पुढच्या कामात सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा म्हणजे हा त्रास उरणार नाही.

माप चुकले तर माल गेला

सर्वांत मोठा धोका मापांत आहे. गवंडी फुटाने बोलतो, मंजुरीचा नकाशा मीटरने होतो आणि ॲल्युमिनियमच्या खिडकीवाला मिलिमीटरने कापतो. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना एकक बदलले तर भिंत २५.४ पट मोठी किंवा लहान होते. ही चूक मोठी असल्याने लगेच दिसते. घात करतात त्या लहान चुका.

लोखंडी पाइपाचे उदाहरण घ्या. बाजारात लांबी "२० फुटी" म्हणून सांगितली जाते, पण हाती आलेली ६ मीटरची असू शकते. ६ मीटर म्हणजे १९ फूट ८ इंचांच्या आसपास. ५ फुटांचा एक तुकडा १,५२४ मिलिमीटर. चार तुकडे म्हणजे ६,०९६ मिलिमीटर आणि हातात पाइप आहे ६,००० चा. कटाईत जाणारी जाडी तर वेगळीच. नकाशावर चार तुकडे बसले, दुकानात तीनच निघाले. दहा पाइपांच्या कामात दहा तुकडे कमी. असे झाले म्हणजे तेल गेले, तूप गेले आणि हाती धुपाटणे आले. फॅब्रिकेटर बांधवांनी म्हणून कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरच्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आधी टेप लावावा, मग कटर चालवावा.

बदल करण्याची रीत

ज्याने बदलायचे ठरवले आहे त्याने पुढील क्रम पाळावा.

एक, सर्व जुने नकाशे दोन वेगळ्या ठिकाणी साठवावेत. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेर, घरी. प्रत्येक नकाशाची पीडीएफही करून ठेवावी. सॉफ्टवेअर बदलले तरी पीडीएफ उघडते.

दोन, तीन नकाशे चाचणीला घ्यावेत. एक साधा, एक गुंतागुंतीचा आणि एक मराठी अक्षरांचा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडून जुन्या छापील कागदाशी ताडून पाहावेत.

तीन, नकाशात १० फुटांची एक रेघ काढून तिचे माप मिलिमीटरमध्ये विचारावे. ३,०४८ आले तर एकक बरोबर. मग १ ला १०० या प्रमाणात छापून पट्टी लावावी. ३ मीटरची भिंत कागदावर ३ सेंटिमीटर भरली पाहिजे.

चार, चालू कामे जुन्या सॉफ्टवेअरमध्येच पुरी करावीत. केवळ नवे काम नव्यात घ्यावे. अर्धा नकाशा इकडे आणि अर्धा तिकडे, असे कधीही करू नये.

पाच, आपल्या नेहमीच्या वस्तू, म्हणजे दारे, खिडक्या, जिना, शीर्षकाची चौकट, नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच नीट बनवून ठेवाव्यात. पहिल्या महिन्याचे हे कष्ट पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

सहा, कारागिराला विचारावे. गवंड्याला, सुताराला, वेल्डरला नवा कागद वाचता येतो का? रंगीत त्रिमित चित्र गिऱ्हाइकाला आवडेल, पण भिंत उभी राहते ती मापांच्या आकड्यांवर. आकडा स्पष्ट नसेल तर चित्र कितीही देखणे असले तरी ते कामाचे नाही.

एक सूचना आणखी. सॉफ्टवेअर शिकल्याने कोणी आर्किटेक्ट होत नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ज्याची नोंदणी आहे त्यालाच ते नाव लावता येते. आपल्या पाटीवर "आरेखक" किंवा "नकाशा व डिझाइन" लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही. जेथे नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्याची सही लागते तेथे ती रीतसर घ्यावी.

शेवटी पुन्हा त्या रोहण्याच्या गाळ्यात येऊ. बापाच्या हातात ओळंबा, मुलाच्या हातात माउस. दोघांचे काम एकच, भिंत सरळ उभी करणे. मुलाने जुने नकाशे जपून ठेवले, माप तपासले, परवाना रीतसर घेतला किंवा मुक्त सॉफ्टवेअर निवडले आणि पावसाळाभर सराव केला, तर अब्बांच्या प्रश्नाला तो निश्चिंतपणे उत्तर देऊ शकेल, "हो अब्बा, उघडतात. सगळे उघडतात." त्या उत्तरासाठीच वरचा सारा खटाटोप आहे. साधन बदलावे, पण आयुष्यभराची कमाई त्यात हरवू देऊ नये.